पदवीनंतरची उमेदवारी : नंदुरबार जिल्हा आणि अभियंत्याची पहिली वर्षे

‘उमेदवार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आशा धरून बसलेला मनुष्य असा आहे. निवडणुकांच्या गदारोळात आज त्याचा एकच अर्थ कानांवर पडत असला, तरी कचेऱ्यांच्या जुन्या व्यवहारात जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबून काम शिकणाऱ्या माणसाला उमेदवार म्हणत, त्याच्या त्या काळाला उमेदवारी म्हणत, आणि कायद्याच्या मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. अभियांत्रिकीची पदवी हाती पडल्यापासून स्वतःच्या सहीवर एखादे काम स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा भरवसा येईपर्यंत जी काही वर्षे जातात, त्यांना याहून नेमका शब्द मराठीत सापडत नाही. ‘नोकरी लागणे’ या शब्दप्रयोगाने त्या वर्षांतील केवळ एक दिवस सांगितला जातो. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा काळ त्यातून निसटतो. हा काळ म्हणजे अभियांत्रिकी शिक्षणाचाच उत्तरार्ध होय, आणि नंदुरबार जिल्ह्यात तो उत्तरार्ध पुरा करण्याजोगे काम मुबलक असूनही त्याची व्यवस्था मात्र जवळजवळ नाही, ही या विवेचनाची मूळ भूमिका आहे. व्यवस्था नसल्यामुळे जिल्ह्यातील पदवीधर उमेदवारीसाठी बाहेर जातो, आणि बाहेरून जिल्ह्यात येणारा अभियंता बहुधा ती नेमणूक शिक्षेची बदली समजून दिवस मोजतो.

उमेदवारीला कायद्याचे रूप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने मिळाले. आरंभी तो कारागिरांपुरता, म्हणजे जोडारी, कातारी, वीजतंत्री अशा व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले आणि मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथील चार मंडळांकडे त्यांच्या नियोजनाचे काम सोपवले गेले. अशा उमेदवाराला मिळणारी रक्कम पगार नसून विद्यावेतन होय, म्हणजे शिकत असताना निर्वाहासाठी दिलेले धन. २०१९ च्या नियमदुरुस्तीने ते पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकासाठी ८,००० रुपये झाले. त्याच दुरुस्तीने तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले. नंदुरबारच्या बाबतीत कायद्याची मेख इथेच आहे. जिथे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके, तिथे टक्केवारी कितीही उदार असली तरी तिच्यातून निघणाऱ्या जागाही बोटांवरच मोजाव्या लागतात. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यात पदवीधराला महिना दहा हजार रुपये विद्यावेतनावर सहा महिने प्रशिक्षण देण्याचे ठरवले, तेव्हा शासकीय कार्यालयेही उमेदवारीची ठिकाणे झाली. मात्र त्या सहा महिन्यांत स्थापत्याच्या पदवीधराच्या हाती मोजणीची दुर्बीण द्यायची की टपालाची नोंदवही, हे त्या त्या कार्यालयाच्या मर्जीवर राहिले.

शिक्षण आणि नेमणूक यांची सांगड हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १८५४ साली जो अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम कर्मचारी तयार करण्याच्या हेतूने निघाला होता. म्हणजे आधी नोकरी दिसत होती आणि तिच्या मापाने शिक्षण बेतले गेले. पुढे हीच संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली, काही काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नावाने ओळखली गेली, आणि तेथून १८८३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक नाशिकची होती, पण उमेदवारीचे पहिले खरे काम त्यांना खानदेशात मिळाले. त्या वेळचा खानदेश जिल्हा अखंड होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. या हिशेबाने पाहता, देशातील सर्वांत नामवंत अभियंत्याची उमेदवारी आजच्या नंदुरबारला पोटात घेणाऱ्या जिल्ह्यातच झाली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ते काम पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती परिसरात नळाचा सायफन बांधण्याचे होते. सायफन म्हणजे पाटाचे पाणी नदी किंवा नाल्याच्या पात्राखालून बंद नळाने पलीकडे नेण्याची रचना. अलीकडच्या काठावरील पाण्याची पातळी पलीकडच्या काठाहून थोडी उंच असल्यामुळे पाणी खाली उतरून आपोआप पुन्हा वर चढते. कागदावर ही रचना सोपी दिसते. प्रत्यक्षात नळ नदीच्या तळात पुरावा लागतो आणि तळ खोदायचा तर नदीची संमती हवी. पावसाळा लागला होता, पूर येत होते, वाळूने खोदकाम भरून जात होते, आणि पाऊस सरेपर्यंत काम थांबवावे असे या तरुण अभियंत्याने वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. नव्या माणसाने सबबी सांगू नयेत असा त्यांचा सूर होता. विश्वेश्वरय्यांनी मग माघार न घेता त्याच परिस्थितीत काम हाती घेऊन पुरे केले, आणि उतारवयात लिहिलेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला. या प्रसंगाचा उपयोग सहसा कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून केला जातो, पण तो तेवढ्यापुरता वापरणे हा त्याचा अपव्यय आहे. पुण्याच्या वर्गात पाण्याचा दाब, नळाचा व्यास आणि वेग यांचे गणित शिकवले गेले असेल. पांझरा जूनमध्ये कशी वागते हे तिथे शिकवता येण्यासारखे नव्हते, आणि वरिष्ठाला लेखी हरकत कळवण्याची भाषा तर मुळीच नव्हती. ऋतू, वरिष्ठ आणि सही या तीन गोष्टी पदवीच्या बाहेर राहतात आणि पहिल्या नेमणुकीत एकदमच समोर येतात.

त्याच पांझरेवर सरकारी खात्याच्या कितीतरी आधीपासून फड पद्धत चालत आली होती, हेही येथे नोंदवावे लागते. नदीवर लहान बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड नावाचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाण्याचे वाटप आपोआप मोजके राहते. देखरेखीला गावानेच नेमलेले पाटकरी. पुढे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी जी गट पाणीपद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची पद्धत, बसवली, तिचे या फडांशी असलेले साम्य डोळ्यांत भरते. पदवीधर अभियंता एखाद्या प्रदेशात येतो तेव्हा तिथे पाण्याचे शास्त्र आधीपासून नांदत असते, याची ही साक्ष आहे.

आता ज्या जिल्ह्याविषयी हे विवेचन आहे तो पाहू. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव असे सहा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्या, आणि तिच्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक. दक्षिणेकडे तापीचे काळ्या जमिनीचे सपाट खोरे, उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडे नर्मदा. राज्यात मिरचीच्या व्यापारासाठी नाव असलेली नंदुरबारची बाजारपेठ, एका टोकाला महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाला गुजरातेत असलेले नवापूरचे रेल्वे स्थानक, सप्टेंबर २०१० मध्ये देशातील पहिले आधार क्रमांक जिथे वाटले गेले ते शहादा तालुक्यातील टेंभली, अशा ओळखींनी हा जिल्हा बातम्यांत येतो आणि जातो. २०१८ साली केंद्राने ज्यांना आकांक्षित जिल्हे म्हटले त्यांच्या यादीतही तो आहे. आकांक्षित म्हणजे मागासला असे स्पष्ट न म्हणता तेच सांगणारा हा सरकारी शब्द, मात्र उमेदवारीच्या मूळ अर्थाशी तो योगायोगाने जुळतो.

अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले तर जिल्ह्यात कामाची वानवा नाही. तळोद्याहून धडगावकडे जाणाऱ्या चांदसैली घाटात दर पावसाळ्यात दरड उतरते. उताराचे स्थैर्य, पाण्याचा निचरा आणि रस्त्याच्या कडेच्या भिंती यांचा अभ्यास करायला त्याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. नर्मदेच्या काठी सरदार सरोवराच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या पसाऱ्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याची ३३ गावे बाधित झाली आणि उरलेल्या वस्त्यांपर्यंत काही ठिकाणी होडीनेच जावे लागते, तेव्हा त्या पाड्यांना वीज, पाणी आणि रस्ता पोचवण्याचा प्रश्न पाठ्यपुस्तकातील कोणत्याही नमुन्यात बसत नाही. पाडा म्हणजे गावापासून सुटी असलेली डोंगरातील वस्ती, आणि एकेका गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर पसरलेले असल्यामुळे ‘गावाला पाणीपुरवठा’ या शब्दांतच फसगत असते. एका टाकीतून सगळ्या पाड्यांना पाणी द्यायचे तर तिची जागा सर्वांत उंच टेकडीवर ठरवावी लागते, आणि तिथवर पाणी चढवण्याचा वीजखर्च ग्रामपंचायतीला पेलत नाही.

हे काम करण्याजोगे शिक्षण जिल्ह्यात मिळते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या ग्रामीण नेतृत्वाने ती संधी उचलली. शहाद्यात पी. के. अण्णा पाटील यांनी पुरुषोत्तमनगरचा सातपुडा सहकारी साखर कारखाना आणि पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळ या दोन्ही संस्था उभ्या केल्या. मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच लाटेतले. नंदुरबारला शासकीय तंत्रनिकेतन आहे, म्हणजे दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका घरापासून फार दूर न जाता मिळू शकते. पदविका आणि पदवी यांतील फरक येथे सांगितला पाहिजे, कारण पालकांच्या मनात तो बहुधा मोठा-लहान एवढाच असतो: पदविकेचा भर प्रत्यक्ष काम करवून घेण्यावर, पदवीचा भर ते काम असेच का करायचे यावर. जिल्ह्याच्या गरजा पाहता पहिल्या प्रकारची माणसे अधिक लागतात, प्रतिष्ठा मात्र दुसऱ्या प्रकाराला मिळते.

भाषेचा जिना हा या शिक्षणातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. घरी पावरी, मावची किंवा भिलीची एखादी बोली, नाहीतर अहिराणी किंवा गुजर बोली. शाळेत किंवा आश्रमशाळेत प्रमाण मराठी. महाविद्यालयात एकाएकी इंग्रजी. चौथ्या वर्षी मुलाखतीला बसलेला विद्यार्थी तीन पायऱ्या चढून आलेला असतो, आणि समोरचा मनुष्य त्याची फक्त शेवटची पायरी तपासतो. वास्तविक धडगावच्या ग्रामसभेत नळयोजनेचा आराखडा पावरीत समजावून सांगू शकणारा अभियंता हा दुर्मीळ गुण घेऊन आलेला असतो. त्या गुणाला कोणत्याही भरतीत गुण नाहीत.

पदवीनंतर जे रस्ते फुटतात त्यांपैकी सर्वांत रुळलेला रस्ता लोहमार्गच आहे. सुरत-भुसावळ मार्गावरून नंदुरबारपासून सुरत सुमारे दीडशे किलोमीटर, आणि सुरतेपुढे अंकलेश्वर, वापी हा रासायनिक आणि यंत्रउद्योगांचा पट्टा; पुणे मात्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे यंत्र आणि विद्युत शाखांचे पदवीधर आधी गुजरातेकडे पाहतात, संगणक शाखेचे हिंजवडीकडे, आणि चाकणच्या वाहन कारखान्यांत कंत्राटी पद्धतीने वर्षभर टिकून अनुभवाचा दाखला मिळवणे हा दोन्हींमधला मार्ग ठरतो. ‘अनुभव’ हा शब्द या टप्प्यावर विचित्र वागतो. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, अशा कोंडीत सापडलेला मुलगा पहिली जागा पगार न पाहता धरतो, आणि खोलीभाडे व खानावळ वजा जाता हाती काही उरत नसल्यामुळे घरूनच पैसे मागवतो; ज्या शेतीने फी भरली तीच शेती उमेदवारीचाही खर्च सोसते.

दुसरा रस्ता सरकारी परीक्षांचा. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महावितरण यांतील कनिष्ठ अभियंता हे पद, किंवा लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, किंवा ‘गेट’ या अखिल भारतीय परीक्षेच्या गुणांवर केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत प्रवेश. यांपैकी कशासाठीही पुण्याच्या अभ्यासिकांत दोन-तीन वर्षे काढणे आता रूढ झाले आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला याशिवाय जात वैधता प्रमाणपत्राचे प्रकरण निभवावे लागते. म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीकडून प्रमाणित करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळा-महसूल नोंदी शोधाव्या लागतात. ज्या घरात शाळेत गेलेली ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, तिथे पणजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार, हा प्रश्न कागदपत्रांच्या यादीला पडत नाही.

तिसरा रस्ता जिल्ह्यातच राहतो आणि म्हणूनच त्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. राज्यात शासकीय कामांचा ठरावीक हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे; नोंदणी केलेल्या स्थापत्य पदवीधराला मर्यादित रकमेची कामे खुल्या स्पर्धेविना काम वाटप समितीमार्फत मिळतात, आणि दुसरा हिस्सा मजूर सहकारी संस्थांकडे जातो. कल्पना अशी की नोकरी देता येत नसेल तर काम द्यावे, आणि पदवीधराने स्वतः ठेकेदार होऊन इतरांना रोजगार द्यावा. कल्पना चांगली आहे. मात्र नव्या अभियंत्याजवळ काँक्रीट मिक्सर नसतो, सिमेंट उधार देणारा दुकानदार नसतो, आणि देयक निघेपर्यंत मजुरांना आठवड्याच्या बाजाराला पैसे देण्याइतकी गंगाजळी नसते. तेव्हा नोंदणी त्याची आणि काम दुसऱ्याचे अशी वाट निघण्याचा धोका या रचनेतच दडलेला आहे. पदवीचे प्रमाणपत्र भाड्याने देणारा अभियंता उमेदवारीतून काहीच शिकत नाही, ही त्यातली अधिक मोठी हानी.

आणि शिकण्यासारखे तर तिथेच असते. अंदाजपत्रक, म्हणजे कामाचा अपेक्षित खर्च दरसूचीप्रमाणे मांडणे. प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करावयाचे ठरले याची नोंद. तांत्रिक मंजुरी, म्हणजे ते अशा रीतीने करणे योग्य आहे असा सक्षम अभियंत्याचा निर्वाळा. मग कार्यारंभ आदेश आणि त्यानंतर मोजमाप पुस्तिका. खात्यात जिला नुसते ‘एम.बी.’ म्हणतात त्या पुस्तिकेची पाने क्रमांकित असतात, मधले पान कोरे सोडायचे नसते, चुकलेला आकडा खरवडून काढायचा नसतो तर रेघ मारून शेजारी सही करायची असते, आणि तीत कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेल्या लांबी-रुंदी-जाडीवरच ठेकेदाराचे देयक निघते. मोरीच्या पायाचे काँक्रीट मातीखाली गेल्यावर ते किती जाड होते हे सांगणारा पुरावा या पानाखेरीज उरत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हाती प्रथमच अशी वही येते तेव्हा ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा कठीण असते, कारण चुकीचा आकडा लिहून घेण्यासाठी आग्रह करणारे लोक समोर उभे असतात.

नोकरी आणि ठेकेदारी यांच्या बाहेरचे एक उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर जानेवारी २००३ मध्ये पंधरा किलोवॅटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. केरळमधील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटाच्या तरुण अभियंत्यांनी रचना केली, परदेशस्थ भारतीयांच्या ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेने अर्थसाहाय्य दिले आणि बिलगावकरांनी श्रमदान केले. ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटामागे याच कामाची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. चित्रपटातला नायक अमेरिकेतून येतो, प्रत्यक्षातले तरुण रेल्वेने आणि पायी आले असतील, इतकाच फरक धरू. अशा प्रकल्पाचे गणित लहान आहे: पाण्याची शक्ती विसर्ग आणि शीर्ष यांच्या गुणाकारावर ठरते, विसर्ग म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, शीर्ष म्हणजे ते किती उंचीवरून पडते ते. उदाहरणादाखल, नऊ मीटर उंचीवरून सेकंदाला ३०० लिटर पाणी पडले तर तत्त्वतः साडेसव्वीस किलोवॅट शक्ती मिळते, आणि नळातील घर्षण, चक्र व जनित्र यांतील घट वजा जाता पंधरा किलोवॅटच्या आसपास हाती लागते. आकडेमोड पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमेल. मे महिन्यात उदईत किती पाणी उरते हे मात्र नदीकाठी राहणाऱ्यालाच ठाऊक असते. विश्वेश्वरय्यांना पांझरेने पूर शिकवला, इथे शिकायची गोष्ट आटणे ही होती. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने चढलेल्या पाण्यात या प्रकल्पाची वाताहत झाली. रचनेत चूक नव्हती. दुसऱ्या एका मोठ्या रचनेच्या हिशेबात हे पंधरा किलोवॅट धरलेच नव्हते, आणि अभियंत्याच्या उमेदवारीत हाही धडा येतो.

बिलगावचे पाणी चढले म्हणून काम गेले; तापीकाठी पाणी आहे आणि ते वर चढत नाही. प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेजेस, म्हणजे नदीपात्रातच दरवाजे लावून पाणी अडवणारे बांध, भरून उभे राहतात. त्यांच्या दोन्ही काठांवर शेतकऱ्यांच्या सहकारी उपसा सिंचन योजना एके काळी पाणी उचलत असत, पण थकलेली वीजबिले आणि जुनी यंत्रे यांमुळे त्यांतील अनेक वर्षानुवर्षे बंद पडल्या. अशी एक योजना पुन्हा चालू करायची झाली तर जॅकवेल, म्हणजे नदीकाठची पंपाची विहीर, गाळाने किती भरली हे पाहायला स्थापत्याचा पदवीधर लागतो. पंपाची झीज आणि उद्धरण नलिकेतील, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या मोठ्या नळातील गळती मोजायला यंत्र शाखेचा. मोटारीचे वेष्टन, रोहित्र आणि वीजभार तपासायला विद्युत शाखेचा. आणि कोणत्या शेतकऱ्याला कोणत्या वारी पाणी द्यायचे याचा मेळ घालायला पाटकऱ्याजवळ बसून ऐकून घेणारा कोणीतरी. चौघांना मिळून एक उन्हाळा पुरेल, बॅरेजचे दरवाजे पावसाळ्यात उघडण्याच्या आत मोजणी संपवावी लागेल, आणि मोजमापाची वही पहिल्या पानापासून त्यांच्याच हस्ताक्षरात असेल.